दाताला भाव किती?

कांद्याचा भाव लासलगावला फुटतो, तसा इथे न्यू जर्सीत दाताचा भाव पहिलीच्या वर्गात फुटतो, तोही लंच टाइममध्ये. लेक घरी आला की दप्तर टाकायच्या आधी ताजे दर सांगतो. अमक्याला टूथ फेअरीने (म्हणजे उशीखाली ठेवलेला पडका दात रात्री नेऊन जागी पैसे ठेवणारी परी, अर्थात आईबाबाच) पाच डॉलर दिले, तमकीला वीस, आणि एका पठ्ठ्याच्या उशीखाली म्हणे अख्खा लेगोचा सेट निघाला (उशीखाली मावला कसा देव जाणे). मग पुढचा प्रश्न येतोच, की आई, फेअरी एकच आहे ना, मग सगळ्यांना सारखे का नाही देत?

आता काय सांगणार. काही आया म्हणतात दात जितका स्वच्छ तितके पैसे जास्त, म्हणजे पोरं ब्रश तरी नीट करतील. आयडिया वाईट नाही, पण मग वीसवाल्या मुलीचे दात पाचवाल्यापेक्षा चौपट स्वच्छ असं होतं आणि आमचा लेक उद्या तिला तोंड उघडायला लावेल, त्याचा काही भरवसा नाही.

गंमत म्हणजे या भावाचा दरवर्षी रीतसर सर्व्हे होतो. डेल्टा डेंटल नावाची दातांचा विमा विकणारी कंपनी आहे, ती 1998 पासून पालकांना विचारते की बाबांनो, एका दाताला सरासरी किती ठेवलेत. 1998 मध्ये उत्तर आलं 1 डॉलर 30 सेंट. 2023 मध्ये ते 6 डॉलर 23 सेंटवर गेलं, तो तोवरचा उच्चांक, मग 2024 ला 5.84 आणि 2025 ला 5.01. हे लोक हा आकडा शेअर बाजाराच्या निर्देशांकाशेजारी ठेवून बघतात, म्हणजे बाजार वर तर फेअरीपण वर. त्या दोन वर्षांत बाजार चढत होता आणि फेअरीने मात्र हात आखडता घेतला, ते एक वेगळंच. दुधाचे दात वीस, म्हणजे पाचच्या हिशोबाने एका पोराच्या तोंडात शंभर डॉलर आहेत. दोन पोरं असतील तर दोनशे, आणि पहिल्या दाताला सगळेच जरा सढळ हाताने देतात ते वेगळं.

पण सरासरी बघून कोणी पैसे ठेवत नाही हो. रात्री साडेदहाला लक्षात येतं की अरे आज दात पडलाय, मग पाकिटात बघावं तर वीसची नोट, सुट्टे नाहीत, नवऱ्याच्या पाकिटात नुसती कार्डं, आणि तिथेच वीसचा भाव ठरतो. माझी पक्की खात्री आहे की आमच्या वर्गातले अर्धे मोठे आकडे हे प्रेमातून नाही, सुट्टे नसल्यामुळे आलेत. उरलेले अर्धे शेजारच्या पोराला किती मिळाले त्यावरून. दाताचा त्यात काही संबंध नाही, बिचारा तांदळाएवढा तर असतो.

मुळात ही फेअरी आली ती लाच म्हणून. 1908 मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या घरगुती सल्ल्यांच्या सदरात एक छोटा मजकूर आला होता, की हट्टी मूल हलणारा दात काढू देत नसेल तर त्याला टूथ फेअरीबद्दल सांगा, उशीखाली दात ठेवला की ती रात्री छोटीशी भेट ठेवून जाते, आणि आयांनी पाच सेंटवाल्या काउंटरवरून अशा चिल्लर वस्तू आणून ठेवाव्यात. म्हणजे तेव्हा रोख रक्कम नव्हतीच, वस्तू होती आणि ती पाच सेंटची. लेगोवाल्यांच्या घरी ही जुनी परंपरा चालू आहे असं म्हणायला हरकत नाही, फक्त काउंटर बदलला.

आमच्याकडे कोकणात यातलं काहीच नव्हतं. दात पडला की तो घेऊन अंगणात जायचं, कौलांवर भिरकवायचा आणि उंदीरमामाला ओरडून सांगायचं की माझा दात घे नि तुझा दे. व्हिडिओ कॉलवर लेकाने आजीला विचारलं, "मग उंदीर किती पैसे द्यायचा?" माझी आई म्हणाली, "पैसे कशाला रे, दात द्यायचा ना!" तो बराच वेळ गप्प बसला. त्याला हा व्यवहार तोट्याचा वाटला असणार. पण उंदीर उगाच नाही निवडलेला, त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतच राहतात, म्हणून तर तो सारखं काहीतरी कुरतडतो. दात मागायचे तर ज्याचे वाढायचे थांबत नाहीत त्याच्याकडेच मागणार ना. स्पेनमध्येसुद्धा उंदीरच येतो, रातोनसितो पेरेझ त्याचं नाव, माद्रिदला आरेनाल रस्त्यावर त्याच्या नावाची पाटीपण आहे, पण तो उशीखाली भेटवस्तू ठेवून जातो. आमच्या कौलावरच्याने कधी दमडी दिली नाही, मात्र कुणाला दोन दात जास्तही दिले नाहीत. वर्गात भांडायला विषयच नव्हता.

दाताच्या बदल्यात काय मिळावं याचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर अमेरिकेतल्याच सेंट लुइस शहराचं. 1958 च्या शेवटी तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी मिळून मुलांचे पडलेले दात गोळा करायला सुरुवात केली. तेव्हा अणुचाचण्या उघड्या हवेत चालायच्या, त्यातलं स्ट्रॉन्शियम-90 हे किरणोत्सारी द्रव्य गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून पोरांच्या हाडादातांत जायचं, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजतं. डॉक्टर लुईस रीस या बाईंनी सुरुवातीची काही वर्षं हे सगळं काम चालवलं. पुढे 1970 पर्यंत तीन लाखांवर दात जमले, आणि 1963 मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत 1950 वाल्यांच्या जवळजवळ पन्नासपट स्ट्रॉन्शियम निघालं. उघड्यावरच्या चाचण्या बंद करण्याचा करार अमेरिका, रशिया, ब्रिटनने केला तोही 1963 मध्येच, आणि त्यासाठी लोकांचा जो दबाव तयार झाला त्यात या दातांच्या सुरुवातीच्या निकालांचा मोठा वाटा होता. दात देणाऱ्या मुलाला मिळायचा एक बिल्ला, त्यावर लिहिलेलं की मी माझा दात विज्ञानाला दिला. बस. लेकाला हे सांगितलं तर त्याने विचारलं तो बिल्ला अजून मिळतो का. पाच डॉलरपेक्षा बरा वाटला त्याला, हे ऐकून मला फार बरं वाटलं खरं, पण लगेच म्हणाला दोन्ही मिळाले तर बेस्ट.

आम्ही शेवटी दोन डॉलरवर थांबलोय. दोनची नोट इथे फारशी फिरत नाही, बँकेत मागून आणावी लागते, त्यामुळे वर्गात तिला वेगळंच वजन आहे, वीसवालीने म्हणे बदली करतेस का विचारलं. मी आठ-दहा नोटा आणून कपाटात साड्यांखाली ठेवल्यात. स्वस्तात सुटले.

मात्र हे किती वर्षं चालणार कोण जाणे, कारण दुधाच्या दाढा पडायला दहा-बारा वर्षं उजाडतात आणि तोवर फेअरीवरचा विश्वास कधीच उडालेला असतो. मैत्रिणीची मुलगी आता अकराची आहे. तिची दाढ पडली की ती सकाळी सरळ ओट्यावर चहाच्या कपाशेजारी आणून ठेवते आणि म्हणते, "बाबा, सात. ही मोठी आहे."