धापेवाड्याची पायदळ वारी

आषाढी एकादशी उलटली की आम्ही नागपूरहून धापेवाड्याला निघतो. काटोल नाका, फेटरी, कळमेश्वर. चाळीसेक किलोमीटर, दोन दिवस. चंद्रभागेकाठचं हे विठ्ठलमंदिर म्हणजे विदर्भाची पंढरी.

पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मधे मृदंग आणि विणेकरी, मागे तुळस घेतलेल्या बाया. वीणा भुईला टेकवायची नाही. एकाचा खांदा भरला की दुसऱ्याच्या गळ्यात.

डांबरी रस्त्यावर फक्त नामगजर. हरिपाठ सांजेला मुक्कामावर, उभं राहूनच, कारण त्याला ध्यान लागतं. नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या ज्ञानदेवांनी हरिपाठाच्या 27 अभंगांत तत्त्वज्ञान श्वासाच्या मापाचं केलं. तिसऱ्याच अभंगात ‘त्रिगुण असार निर्गुण हें सार’ येतं, आणि शेतावरून आलेली बाईही ते न अडखळता म्हणते. आमच्या विदर्भातले गुलाबराव महाराज (1881–1915), नवव्या महिन्यात दृष्टी गेलेले, स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. इथल्या दिंडीत ती माया जाणवते.

हरिपाठात एक रांग चरण म्हणते, दुसरी तोच झेलते, तेवढ्यात पहिलीला दम घेता येतो. चालून थकलेली माणसं लवकर उरकायला लय वाढवतात. मग दहाव्या अभंगापर्यंत धाप लागते आणि झेलणारी रांग शब्द खाते. पावली, म्हणजे तालावर टाकायचं पाऊल, विणेकऱ्याच्या पायावर ठेवावी, टाळ हलके.

या दिवसांत हवा ओली, म्हणून मृदंगाचं कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. झाकण म्हणून प्लास्टिक हवंच, पण मुक्कामावर लगेच काढा, नाहीतर आत घाम धरतो. मृदंगाच्या डाव्या तोंडाची कणीक दर वेळी ताजी मळून लावावी.

पायांचं त्याहून महत्त्वाचं. ओल्या मोज्यांनी कातडी मऊ पडते, घासते, फोड येतात. कोरड्या मोज्यांचे दोन जोड ठेवा, निघताना टाचेला खोबरेल लावा, फोडाची साल सोलू नका. बाजूच्या काळ्या मातीत उतरलात तर चपलेला शेरभर चिखल चिकटतो आणि पाय मुरगळतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं पाणी घोटघोट प्यावं.

धापेवाड्यात गर्दी दाटलेली असते, मृदंग आम्ही आत नेत नाही. ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’ रांगेतच म्हणायचं, टाळ मुठीत दाबून, आवाज न करता.