तुम्ही विचारलंत म्हणून: "सर, तुम्हाला माहीत होतं, मग एक फोन का नाही केलात?"

मुलाचे विषय राहिलेत, वर्ष गेलंय हे घरी उशिरा कळलं की हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. आई सोबत असली तर ती काही बोलत नाही, नुसती बघत राहते, आणि मला तेच जास्त जड जातं.

मी सांगलीत विश्रामबागला इंजिनिअरिंगच्या मुलांचे गणिताचे क्लास घेतो. एम-वन, एम-टू, एम-थ्री. माझ्याकडे हौसेनं कुणी येत नाही, विषय राहिलेली पोरं येतात. त्यामुळे कुणाचं काय राहिलंय, कुणाला इयर डाउन लागलाय, म्हणजे कुणाचं वर्ष गेलंय, हे मला पहिल्याच दिवशी कळतं. घरी मात्र पुष्कळदा वर्ष-वर्ष कळलेलं नसतं. मग कधीतरी उलगडा होतो आणि आईवडील माझ्या जिन्यात उभे असतात. जिन्यात उभं राहून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे देतो.

सरळ उत्तर एवढंच: मुलगा अठराच्या पुढचा आहे, मार्क त्याचे आहेत, आणि त्यानं मला सांगितलं ते तुमच्यापर्यंत पोचवायला सांगितलं नव्हतं. एवढ्यानं तुमचं समाधान होत नाही हे मला दिसतं. माझंही होत नव्हतं, म्हणून पुढचं लिहितोय.

आधी ही घरं कुठली, ते. सांगली-मिरजेच्या पट्ट्यात शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, वालचंद १९४७ चं, मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं आणि मिशनचं हॉस्पिटल तर या सगळ्यांच्या आधीचं. त्यामुळे आजोबा हेडमास्तर, वडील इंजिनिअर, आत्या मिरजेला भूलतज्ज्ञ, थोरली ताई जर्मनीत एमएस करतेय, अशी घरं इथे गल्लीत दोन-चार तरी सापडतात. ताईचा फोटो बारावीला कुठल्यातरी क्लासच्या फ्लेक्सवर कॉलेज कॉर्नरला झळकलेला असतो. त्या घरातला धाकटा सकाळी सातच्या बॅचला माझ्या तिसऱ्या बाकावर बसतो.

लोकांना वाटतं, पोरगं ओरड्याला घाबरतं. मी प्रत्येकाला विचारतो, घरी सांगितलंस तर काय होईल? बाबा मारतील असं या घरांतलं कुणीही अजून म्हणालेलं नाही. एकानं जे सांगितलं ते जवळजवळ त्याच्याच शब्दांत देतो. "काही नाही हो सर. बाबा दोन मिनिटं गप्प बसतील. मग पेन आणि वही मागतील. रात्री ताईचा व्हिडिओ कॉल येईल, ती एक्सेलमध्ये टाइमटेबल करून पाठवेल. काका त्यांच्या ओळखीच्या प्रोफेसरना फोन लावतील. आजी संकष्टी धरेल. आणि उद्या सकाळपासून माझा विषय माझा राहणार नाही."

मला या घरांतली खरी भीती दिसते ती ही: मदतीची. ज्यांनी आयुष्यभर अडचण आली की वही काढली आणि ती सोडवली, त्यांच्या घरात नापास होणं म्हणजे लगेच हाती घ्यायचं काम. सगळे प्रेमानंच लागतात कामाला. पण पोराला चार दिवस नुसतं नापास राहायचं असतं, जरा वाईट वाटून घ्यायचं असतं, आपलं आपल्याला जमतंय का हे बघायचं असतं. ती सोय या घरांत नसते. म्हणून मग तो ती सोय खोटं बोलून करून घेतो.

जतचा, आटपाडीचा शेतकऱ्याचा मुलगाही लपवतो, नाही असं नाही. पण त्याचं गणित वेगळं. डाळिंबाचे पैसे फीला गेलेले असतात आणि आणखी एक वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाची खोली नि मेस. त्याची भीती रुपयांत मांडता येते. तो बहुधा एका सेमिस्टरमध्ये बोलून मोकळा होतो, कारण पैसे मागायला फोन करावाच लागतो आणि कशाला हवेत ते सांगावं लागतं. खात्यापित्या घरातल्या पोराला मागावं लागत नाही. यूपीआयवर येतात. बॅकलॉगच्या, म्हणजे राहिलेल्या विषयांच्या फॉर्मची फी, माझ्या क्लासची फी सगळी पॉकेटमनीतून निघते आणि लपवणं लांबत जातं.

लपवणं सोपंही झालंय. पूर्वी रिझल्ट कॉलेजच्या बोर्डावर लागायचा आणि आपण घरी पोचायच्या आत शेजारच्या पोरानं तो पोचवलेला असायचा. आता पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी नंबर पोराचा, पोर्टलचा पासवर्ड पोराचा, मोबाइल पोराचा. त्यात एटीकेटी, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जायची सवलत. ही पद्धत चांगली आहे, दोन विषयांसाठी वर्ष फुकट जात नाही. पण दोन-तीन विषय राहिलेला मुलगाही पुढच्या वर्गात जातो, त्यामुळे घरच्यांना तो "सेकंड इयरला" दिसतो, आणि ते खोटंही नसतं. गाडी अडते ती पुढच्या वळणावर. बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. तिथे वर्ष जातं. आणि तिथून खरं नाटक सुरू होतं, कारण आता कॉलेजच नसतं. मुलगा सकाळी डबा घेऊन निघतो आणि एखाद्या अभ्यासिकेत एमपीएससीवाल्यांच्या रांगेत जाऊन बसतो. संध्याकाळी पाचला परत. प्लेसमेंटच्या गप्पा मित्रांकडून ऐकून घरी सांगतो.

कारणंही तयार असतात. रिव्हॅल्युएशनला टाकलंय. रिझल्ट राखून ठेवलाय, क्लार्कची चूक आहे. २०१९ च्या महापुराचं कारण तर एकानं २०२० च्या मार्चपर्यंत पुरवलं होतं. त्याचं घर पूररेषेच्या कितीतरी वर होतं, पण घरच्यांनी मान डोलावली. अवघड गेली ती कोरोनातली बॅच. २०२१ ला बारावीची परीक्षाच झाली नाही, मागच्या मार्कांवरून निकाल काढला आणि राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला. घराघरात नव्वदीच्या पुढचे टक्के आले, पेढे वाटले गेले. ती पोरं इंजिनिअरिंगला आली आणि पुष्कळ दिवसांनी तीन तास हातानं पेपर लिहायला बसली तेव्हा हात चालेना. डोकं चालत होतं, हं. पण घरी तो "त्र्याण्णव टक्केवाला" म्हणून नोंदलेला. त्या त्र्याण्णवमध्ये पोराचा वाटा किती आणि सूत्राचा किती, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

आता एक पान दाखवतो. एकाची वही तपासायला घेतली, लाप्लासची गणितं होती. शेवटचं पान उलटलं तर तिथे पट्टीनं आखलेला तक्ता. डावीकडे सेमिस्टर. मग दहापैकी मिळालेल्या ग्रेडचे चार रकाने: खरं, घरी, ताई, मामा. तिसऱ्या सेमिस्टरच्या ओळीत खरं ५.४, घरी ७.६, ताईला ७.१, मामाला "आठच्या आसपास". ताईचा आकडा कमी का, म्हणून विचारलं. तर म्हणे, "ताईला इंजिनिअरिंग कळतं सर, तिला जास्त सांगितलं तर ती प्रश्न विचारते." खाली घरच्या रकान्याचा सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरीसुद्धा काढलेली. प्रत्येक सेमिस्टरच्या क्रेडिटचा भार धरून, दोन दशांश स्थळांपर्यंत, अगदी बरोबर. एम-थ्रीमध्ये दोनदा उडालेला मुलगा. मी त्याला म्हटलं, बाळा, एवढी चिकाटी त्या लाप्लासवर लाव, यंदाच सुटशील. तो हसला. मग बराच वेळ बोलला.

तर फोन का नाही करत? कारण मी फोन केला की जे होणार त्याला तो घाबरत होता, तेच मी घडवून आणणार. शिवाय एकदा क्लासवाल्या सरांनी फोन केला की ती गोष्ट सरांनी सांगितलेली होते. त्यानं सांगितलेली कधीच होत नाही. पुढे दहा वर्षांनी घरात विषय निघेल तेव्हाही "याच्या सरांनी सांगितलं म्हणून कळलं" असाच निघेल.

पण माझ्याही अटी आहेत, आणि त्या मी पहिल्या दिवशीच बॅचला सांगतो. तुमच्यासाठी मी खोटं बोलणार नाही. घरच्यांनी मला तोंडावर विचारलं तर मी "त्यालाच विचारा" म्हणेन, आणि त्यातून ते समजायचं ते समजतील. (विचारत कुणीच नाही. "लक्ष देतो ना?" एवढं विचारतात. लक्ष तर देतोच तो.) दुसरी अट: जिवाचा प्रश्न दिसला तर मी कुणाला विचारत बसणार नाही. पोरगं जेवेनासं झालं, निरोपाचं काही बोलायला लागलं, "आता काय उपयोग" असं रोज म्हणायला लागलं, तर त्याच्यासमोर बसून त्याच्या घरी फोन लावतो. असे फोन मी केलेत, आणि त्या घरांतून हा प्रश्न मला कधी आलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यात महाराष्ट्र पहिला होता. म्हणून बॅचच्या वेळापत्रकाशेजारी भिंतीवर १४४१६ हा नंबर ठळक लिहिलाय. टेली-मानस, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं.

बाकीच्यांच्या बाबतीत मी एवढंच करतो की सांगायची तयारी करून घेतो. गणपतीत पाहुणे भरलेले असताना सांगायचं नाही. ताईला बढती मिळाली त्या संध्याकाळी तर नाहीच. विषय किती राहिलेत तो आकडा पूर्ण सांगायचा. चार राहिले असताना दोन सांगितले की पुढच्या निकालाला पुन्हा पहिल्यापासून. आणि सांगताना हातात कागद ठेवायचा: कुठले विषय, परीक्षा कधी, फॉर्मची शेवटची तारीख, फी किती. वडील वही मागायच्या आत आपली वही पुढे करायची. हा शेवटचा उपाय या घरांत फार चालतो.

एका मुलीनं हे सगळं नीट तयार केलं आणि तरी तिला तोंड उघडवेना. आई-वडील दोघंही मिरजेला डॉक्टर. समोर बसलं की बाबा तपासल्यासारखं बघतात, म्हणाली. मग एके दिवशी त्यांची कार सर्व्हिसिंगला होती आणि वडील तिला न्यायला स्कूटरवर आले. विजयनगरला कलेक्टर ऑफिसपाशी तिनं मागून सांगून टाकलं. "बाबा, माझं वर्ष गेलंय." वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट, बाजूनं एसटी चाललेली. ते मान वळवून म्हणाले, "काय गेलंय?" मग तिला तेच वाक्य, जे म्हणायला आठ महिने लागले होते, भर रस्त्यात ओरडून म्हणावं लागलं. शेजारच्या ॲक्टिव्हावरच्या बाईंनीही ऐकलं. वडिलांनी स्कूटर बाजूला घेतली नाही, काही नाही. चालवत राहिले. मिरजेत शिरताना एवढंच विचारलं, "भडंग घ्यायचंय का?"

दुसऱ्या दिवशी ते माझ्या जिन्यात. प्रश्न तोच. मी वर लिहिलं तेच थोडक्यात सांगितलं. त्यांना पटलं असं नाही म्हणणार मी, पण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं, मला एम-थ्रीचं पुस्तक कुठलं ते सांगा. बारावीला माझं गणित उत्तम होतं. रात्री ओपीडी संपली की तिला घेऊन बसतो." मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, याच्यासाठीच तिनं आठ महिने घालवलेत. ते थांबले. म्हणाले, "मग मी करू काय?"

मी म्हटलं, फॉर्मची फी द्या. ती मागेल तेव्हा द्या, आधी भरून टाकू नका. फॉर्म तिला भरू दे, हॉल तिकीट तिला काढू दे, तारीख चुकली तर चुकू दे. तिच्या आत्याला आणि मामाला काय सांगायचं ते तिला ठरवू दे. आणि निकालाच्या दिवशी पोर्टल उघडून बसू नका.

"हे जमायला कठीण आहे," असं ते म्हणाले, आणि ते खरंच बोलत होते. आता महिन्यातून एकदा त्यांचा फोन येतो. विषयाचं काही विचारत नाहीत, कबूल केलंय तसं. फक्त हजेरी विचारतात. मी बॅचची वेळ सांगतो, सकाळी सात ते साडेआठ. "हो, ती माहितीये," असं म्हणून ते फोन ठेवतात.