तारा लावल्यावरचं नाशिकचं ताट

दातांना तारा बसवून घरी आल्यावर पहिले चार-पाच तास विशेष काही जाणवत नाही. संध्याकाळी दात शिवशिवायला लागतात, दुसऱ्या दिवशी दुखणं सगळ्यात जास्त असतं आणि आठवडाभरात ओसरतं. घरचे सगळे या दुखण्याचीच धास्ती घेतात. पण उपचार बहुतेक वेळा दीड-दोन वर्षं चालतो आणि तो लांबतो तो ताटावर आणि बेसिनपाशी.

आधी का दुखतं, ते पाहू. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचं पातळ आवरण असतं. तार दाताला ज्या बाजूला ढकलते, तिथलं हाड हळूहळू झिजतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. दाबाने ते आवरण हुळहुळं होतं, म्हणून पोळीचा घासही चावताना कळ येते. दात किंचित हलल्यासारखे वाटतात, तेही याच कारणाने. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पहिले दोन-तीन दिवस दातांना काम पडू देऊ नका. मऊ खिचडी, ताकभात, नाचणीची आंबील, शेंगदाणे न घातलेला उपमा चालतो. बाजरीची भाकरी सोडायची गरज नाही. कडक पापुद्रा काढा, उरलेली आमटीत कुस्करा आणि पाच मिनिटं मुरू द्या. सुरुवातीच्या तारा बऱ्याचदा निकेल-टायटॅनियमच्या असतात. त्यातल्या उष्णतेवर चालणाऱ्या तारा गार झाल्या की नरमतात आणि गरम झाल्या की ताण वाढवतात. म्हणून गार पाण्याची चूळ तोंडात धरली की बरं वाटतं, आणि कढत चहाने ठणका वाढू शकतो. फारच दुखलं तर कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टरांना तारा बसवायच्या दिवशीच विचारून ठेवा. बरेचसे डॉक्टर पॅरासिटामॉल सांगतात, कारण सूज उतरवणाऱ्या काही गोळ्या जास्त दिवस घेतल्या तर दात सरकण्याचा वेग कमी होऊ शकतो.

गाल आणि ओठ आतून सोलवटतात, त्यासाठी मेणाची डबी मिळते. हे मेण टिकत नाही अशी तक्रार हमखास ऐकू येते, आणि कारण जवळजवळ नेहमी ओलावा हेच असतं. ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेला आणि तार धरून ठेवणारा छोटा तुकडा, आधी कापसाने किंवा स्वच्छ रुमालाने कोरडं करा. वाटाण्यापेक्षा थोडी लहान गोळी बोटांत मळून मऊ करा, दाबून बसवा आणि कडा सपाट करा. जेवताना काढा, नंतर नवी लावा. पोटात गेलं तरी अपाय नाही. तोंड आलं असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरा.

आता मिसळ. नाशिकमध्ये राहून दोन वर्षं मिसळ सोडा असं सांगणं अन्याय आहे आणि त्याची गरजही नाही. मोड आलेली मटकी मऊ असते. अडचण फरसाणाची. ते वरून कुरकुरीत खाऊ नका. रश्शात दोन-तीन मिनिटं भिजू द्या, मग खा. पापड चुरून त्यातच टाका. पाव समोरच्या दातांनी ओढून तोडायचा नाही, हाताने लहान तुकडे करायचे. तोंड आलेलं असेल तेवढे दिवस मात्र तर्री नको. आणि हळद! ब्रॅकेटवर तार धरून ठेवणाऱ्या बारीक रबरी रिंगा पारदर्शक किंवा पांढऱ्या घेतल्या, तर आपल्या स्वयंपाकात त्या एक-दोन दिवसांतच पिवळ्या पडतात. दातांना काही होत नाही आणि चार ते सहा आठवड्यांनी रिंगा बदलतातच, पण तोवर ते दिसतं. राखाडी, गडद निळा किंवा जांभळा रंग मागा. सिरॅमिकचे ब्रॅकेट घेणाऱ्यांनी हे आधीच विचारात घ्यावं, कारण ब्रॅकेट पांढरं राहिलं तरी भोवतीची रिंग पिवळी होते.

ब्रॅकेट दातावर विशिष्ट डिंकाने चिकटवलेलं असतं. सरळ दाबाला ते बऱ्यापैकी टिकतं, आडव्या धक्क्याने मात्र सुटतं. म्हणून काय खाता यापेक्षा कसं तोडता हे महत्त्वाचं. पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याकडे गेलात तर भाजलेलं कणीस दातांनी ओरबाडू नका. दाणे हाताने सोलून घ्या, तेही मऊ असतील तरच. पेरूच्या पातळ फोडी करा, बियांचा गर काढून टाका. द्राक्षांचा हंगाम मजेत जातो. बिनबियांचं एकेक द्राक्ष दाढेखाली घ्यायचं. मनुके मात्र ब्रॅकेटभोवती चिकटून बसतात. डाळिंबाचे दाणे अडकतात, त्यापेक्षा रस बरा. ऊस सोलून खाणं पूर्ण बंद. चिक्की, कडक तिळाची वडी, सुपारी, बर्फ चावणं हेही बंद. चिवड्यातले तळलेले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप बाजूला काढा. आजीने डिंकाचा लाडू पुढे केला तर "आजी, जरा कुस्करून दे गं" म्हणा, ती आनंदाने देईल. खाण्यापलीकडचंही आहे. पेनाचं टोपण चावणं, नखं कुरतडणं, आणि संक्रांतीला पतंगाचा दोरा दातांनी तोडणं. येवल्याकडच्या मुलांना हे आठवणीने सांगावं लागतं.

सगळं नीट खाऊनही ब्रॅकेट वारंवार सुटत असेल, विशेषतः खालच्या दातांवरचं, तर वरचा दात त्यावर आपटतोय का ते डॉक्टरांना तपासायला सांगा. तसं असेल तर दाढांवर दात भरायच्या मसाल्याचा छोटा उंचवटा देऊन चावा उघडा ठेवतात.

दात घासणं हा यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. कीटण ब्रॅकेटच्या कडेला साचतं, त्यातल्या आम्लाने दातातले क्षार निघून जातात आणि खडूसारखे पांढरे डाग पडतात. हलगर्जीपणा झाला तर काही आठवड्यांतही ते दिसू लागतात. तारा काढल्यावर दात सरळ, पण प्रत्येकावर ब्रॅकेटच्या आकाराची पांढरी चौकट, असं होतं आणि ते सहजी जात नाही. म्हणून जेवणानंतर आधी जोरात चुळा भरा. मग ब्रश ४५ अंशांत तिरका धरून हिरडी आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये फिरवा, नंतर उलट्या बाजूने ब्रॅकेटच्या खालून. शेवटी बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा लहान ब्रश तारेखाली, वरून आणि खालून, प्रत्येक दोन ब्रॅकेटच्या मध्ये घाला. रात्रीच्या घासण्याला चार-पाच मिनिटं लागतात. पेस्टमध्ये फ्लोराइड आहे का ते नळीवर वाचा, बऱ्याच आयुर्वेदिक पेस्टमध्ये नसतं. हिरडीतून रक्त आलं तर घासणं थांबवू नका. बहुतेक वेळा तिथे ब्रश पोहोचत नसतो म्हणूनच रक्त येतं.

पुढे वरच्या आणि खालच्या ब्रॅकेटना अडकवून ओढायचे रबर दिले जातात. ते साधारण २० ते २२ तास लावावे लागतात आणि रोज बदलावे लागतात, कारण लाळेत त्यांचा ताण उतरतो. एक दिवस राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट लावू नका, त्याने दाताच्या मुळावर नको तेवढा जोर येतो.

आता बिघाड. दात सरळ होत गेले की तारेला जागा कमी लागते आणि तिचं टोक दाढेमागून बाहेर येऊन गालाला टोचतं. पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबराने ते हळूच दाताकडे वळवून पाहा, नाही वळलं तर मेण लावा. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर ओढून काढू नका, मेणाने जागेवर धरा आणि लगेच कळवा. पुढच्या तारखेपर्यंत थांबलं तर तो दात तिथेच राहतो, कधी मागेही सरकतो. ब्रॅकेट गिळलं गेलं तर बहुधा शौचावाटे निघून जातं, पण खोकला थांबत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थेट रुग्णालय गाठा.

कळवण, सुरगाणा, पेठहून नाशिकला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. म्हणून आधी फोनवर फोटो पाठवा. खिडकीकडे तोंड करून बसा, दोन चमच्यांच्या दांड्यांनी ओठ बाजूला धरा, एक फोटो समोरून आणि एकेक दोन्ही बाजूंनी काढा. आणि उजवा-डावा सांगताना आरशातला नाही, आपला स्वतःचा उजवा सांगा.