काळी दोन

खंजिरी वाजवायच्या आधी आमच्या भजनी मंडळातले मामाजी ती शेकायचे. मंडपामागे जुन्या पेपरचा बोळा पेटवायचा, त्या आचेवर खंजिरी गोल फिरवायची, गालाला लावून बघायची, पुन्हा फिरवायची. मग एक थाप. आवाज बसका आला की मान हलायची. आश्विनात पाऊस सरला तरी हवेत ओल असतेच आणि ओलीनं चामडं ढिलं पडतं. मंडपात लोक येऊन बसलेले असायचे, म्हणून मी घाई करायचे. ते म्हणायचे, "घाई नोको करू माय. चामडं तापलं का थेच सांगते." चार-पाच फेऱ्या झाल्या की थाप टणकन वाजायची, कडेच्या पितळी चकत्या किणकिणायच्या, आणि माझ्या लेखी आमचा महोत्सव तिथंच सुरू व्हायचा. पत्रिकेत छापलेलं दीपप्रज्वलन त्यानंतरचं.

नागपुरात सक्करदऱ्याकडच्या आमच्या वस्तीतलं हे भजनी मंडळ. तीसेक माणसं. कुणी कापड गिरणीतून रिटायर झालेलं, कुणी शाळामास्तर, एक एसटीतले कंडक्टर, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी. रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, गुरुवारी भजन आणि वर्षातून एकदा तीन दिवसांचा पुण्यतिथी महोत्सव. पुण्यतिथी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची. नागपूर विद्यापीठाला 2005 साली त्यांचं नाव मिळालं, तेव्हापासून बाहेरच्या पुष्कळांना ते नाव ऐकून तरी माहीत आहे. आमच्याकडे मात्र महाराज घरातलेच. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मलेला हा माणूस हातात एक खंजिरी घेऊन गावोगाव फिरला. मराठीत गायला, हिंदीत गायला. देवाबद्दल गायला तसा गावच्या स्वच्छतेबद्दल, व्यसनाबद्दल, एकीबद्दलही गायला. त्या गाण्याचा धाक इतका की 1942 साली इंग्रज सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम आहे आणि तिथंच 11 ऑक्टोबर 1968 रोजी त्यांनी देह ठेवला.

मामाजींनी त्यांना तरुणपणी प्रत्यक्ष ऐकलं होतं. कोणतं भजन होतं ते त्यांना सांगता यायचं नाही. एकच गोष्ट ते दरवर्षी सांगायचे, आणि आम्ही दरवर्षी ती नव्यानं ऐकायचो. "महाराजांनी खंजिरी थांबवली, पन मैदान नाही थांबलं. लोक गातच राहिले." हे सांगताना त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप वाजायला लागायचा. गिरणीत मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलं, त्यानं त्यांचे कान मंदावले होते. म्हणूनच खंजिरी गालाला लावायची. ताल ते हाडातून ऐकत.

माझं गाणं शिकणं दुसरीकडे चालू होतं. नागपुरातल्याच महाल भागात गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे मी आठवड्यातून तीनदा जायचे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा देत देत विशारदपर्यंत पोचायचं, हे घरात ठरलेलंच होतं. बाई पहाटे खर्जाचा रियाज करून घ्यायच्या. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, कशी उघडते ते दाखवायच्या. धागा बरोबर जागी आला की साधी तार अचानक झगमगायला लागते. मला ते पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. गायक वसंतराव देशपांड्यांचा विषय निघाला की बाईंचा चेहरा फुलायचा. जन्म 1920 साली मूर्तिजापूरला, पण वाढले आपल्या नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडे शिकले, हे त्या घरच्या मुलाचं कौतुक सांगावं तसं सांगायच्या. सिव्हिल लाइन्समधल्या वसंतरावांच्या नावाच्या सभागृहात मी पुढं कितीतरी मैफली ऐकल्या. भैरवी संपल्यावर टाळ्या वाजवाव्यात की गप्प राहावं ते कळू नये, अशा काही रात्री तिथं मिळाल्या.

अशा कानांनी मंडळात बसणं मला काही वर्षं जड गेलं, हे खरं. तीस गळे, प्रत्येकाचा सूर जरासा इकडे-तिकडे. पट्टीवरून, म्हणजे पेटीचा कोणता सूर 'सा' धरून गायचं त्यावरून, तर दरवर्षी वाद. पुरुषांना काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, सोयीची, बायकांना काळी चार. एकत्र गायचं तर मधलं काही धरावं लागतं, म्हणून मंडळानं काळी दोन धरली होती. त्यात पुरुषांना वरचे सूर ताणावे लागायचे आणि जाड गळ्याच्या बायकांचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, गाठताना जीव मेटाकुटीला यायचा. कुणालाच पूर्ण सोयीची नाही, अशी ती पट्टी. मी एकदा बैठकीत म्हणाले की पुरुषांनी वेगळं गावं, बायकांनी वेगळं, म्हणजे सुरात तरी होईल. शिवणकाम करणाऱ्या थोरल्या मावशी हातातला टाळ पुसत म्हणाल्या, "मंग सोबत काहून बसाचं, ताई?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

याच मावशींकडे एक देणगी होती. जागराच्या रात्री, मुख्य भजनं झाल्यावर, त्या स्वतःची कडवी जोडायच्या. वही नाही, तयारी नाही. वर्षभरात वस्तीत जे घडलं ते चालीत बसून बाहेर यायचं. नळ, रेशन, कुणाच्या सुनेची परीक्षा, सगळं. एका वर्षी उन्हाळाभर पाण्याची वेळ मध्यरात्रीची होती. त्यावरचं कडवं मला अजून पाठ आहे:

"नळाले पानी येते रातच्या दोनले,
भांडं भरेपर्यंत तुह्यं नाव सुचते मले."

अख्खा मंडप हे कडवं दहा वेळा गायला असेल. बायका हसत होत्या आणि त्यातल्या काहींचे डोळेही भरले होते, कारण त्या सगळ्याच रात्री दोनला उठत होत्या. विशारदच्या अभ्यासात मी बंदिशी पाठ केल्या, त्यांचे राग, ताल, वादी-संवादी लिहून काढले. पण बंदिश जन्माला कशी येते, ते मी या मावशींच्या शेजारी बसून पाहिलं. ओळ सुचली की त्या आधी टाळ थांबवायच्या, मान खाली घालायच्या, ओठ हलायचे, आणि मग एकदम वर बघून गायच्या. त्या क्षणी त्यांचा चेहरा असा दिसायचा की शेजारच्यानं हात जोडावेत.

ढोलकवाले चाचा ताजबागेकडून यायचे. ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात उरुसाला कव्वालीच्या साथीला बसणारा माणूस, आमच्या जागरालाही त्याच श्रद्धेनं बसायचा. त्यांनी आमच्या साध्या केरव्याला, त्या आठ मात्रांच्या ठेक्याला, कव्वालीच्या टाळीची धार दिली. भजन संथ सुरू व्हायचं, मग ठेका हळूहळू चढायचा, दुगुन, म्हणजे दुप्पट लय, सुरू झाली की टाळ्या आपोआप पडायच्या आणि मागच्या रांगेतली माणसं उभी राहायची. चाचा आणि मामाजी एकमेकांकडे बघूनच लय वाढवायचे. एकाला ऐकू कमी यायचं, दुसऱ्याला मराठी शब्द अर्धेच कळायचे. पण सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, कधी चुकली नाही.

मी दहावीत होते त्या वर्षी बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. मला धाकधूक. दुसरं भजन ऐन रंगात आलं आणि पेटीचा एक सूर अडकला. बोट उचललं तरी वाजतच राहिला, आणि नेमका तीव्र मध्यम, भजनात खटकणारा. पेटीवाल्या काकाजींनी दोनदा ती अडकलेली पट्टी हलवून पाहिली, भाता सोडला, पेटी बंद केली आणि बाजूला सरकवली. मला वाटलं, संपलं. पण मामाजींनी मान वर केली नाही. खंजिरी चालू, ढोलक चालू, टाळ चालू, आणि मंडप गात राहिला. पेटीशिवाय जवळपास पाऊण तास. त्या पाऊण तासात मी पहिल्यांदाच शेजारचे आवाज नीट ऐकले. कंडक्टर काकांचा आवाज किती मऊ आहे, ते मला तोवर माहीत नव्हतं. माझा आवाज कुठे संपतो आणि धाकट्या मावशीचा कुठे सुरू होतो, ते थोड्या वेळानं कळेनासं झालं. आपण गातो आहोत हेही मधेच विसरायला होत होतं.

शेजारच्या घरून दुसरी पेटी आली, तेव्हा काकाजींनी हळूच सूर लावून पाहिला. काळी दोनवर निघालेलं भजन काळी एकवर येऊन टेकलं होतं. एक अख्खा सूर खाली! माझा चेहरा उतरला. बाईंच्या ते लक्षात आलं. कार्यक्रमानंतर माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "अगं, तीस माणसं उतरली आणि एकही मागे राहिला नाही. सूर लावायला मी शिकवते. हे मला शिकवता येत नाही." त्या मंडळात पुन्हा पुन्हा येत राहिल्या, पाहुण्या म्हणून नाही, मागच्या रांगेत सतरंजीवर.

महोत्सवातली सगळ्यात मोठी वेळ मात्र गाण्याची नाही. आश्विन वद्य पंचमीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी, महाराजांच्या निर्वाणाच्या क्षणी, मौन असतं. गुरुकुंजाला हजारो माणसं उभी असतात, आणि जिथं जिथं मंडळ आहे तिथंही. आमच्याकडे आधी तासभर भजन चालायचं. घड्याळ जवळ आलं की मामाजी खंजिरी मांडीवरून उचलून जमिनीवर, कपड्यावर ठेवायचे. टाळ खाली. मग काहीच नाही. लहान असताना ते क्षण संपता संपत नसत. पुढं लक्षात आलं की शांतता रिकामी नसते. नुकताच थांबलेला केरवा छातीत चालूच असतो. दूर कुठं कुकरची शिट्टी होते, रस्त्यावर सायकलची घंटी वाजते, आणि त्याही त्याच ठेक्यात बसल्यासारख्या वाटतात. मामाजी सांगायचे त्या मैदानाचा अर्थ मला त्या मौनात लागला.

शेवटच्या दिवशी गोपालकाला. मोठ्या घमेल्यात दही-लाह्या कालवायच्या, तळहातावर घ्यायच्या. मामाजींचा उजवा तळवा तीन दिवसांच्या थापांनी लालबुंद झालेला असायचा, म्हणून ते डावा हात पुढे करायचे आणि दरवेळी म्हणायचे, "देव रागावनार नाही."

मामाजी गेले त्याच्या पुढच्या आश्विनात खंजिरी मंडपामागं पेपरवर ठेवलेली होती. कुणी हात लावेना. मग थोरल्या मावशींनी बोळा पेटवला, खंजिरी उचलली आणि मामाजींच्या नातीच्या हातात दिली. नर्सिंगला शिकणारी मुलगी, आजोबांच्या मांडीला टेकून मोठी झालेली. तिनं ती आचेवर फिरवली. पहिली थाप बसकी आली, दुसरीही. तिनं खंजिरी गालाला लावली, डोळे मिटले आणि पुन्हा आचेवर धरली. मंडपात लोक येऊन बसले होते. काकाजी भात्यावर हात ठेवून वाट बघत होते. कुणीही घाई केली नाही.