‘ग्रोथ’ या एका शब्दापायी अकरा दिवस

लहानपणी हनुवटीवर आपटल्यामुळे माझ्या मुलाचा खालचा जबडा एका बाजूने खुंटला होता आणि रात्री त्याचे घोरणे शेजारच्या खोलीत ऐकू येत असे. एकोणिसाव्या वर्षी नाशिकमध्येच जबडा लांबवण्याची शस्त्रक्रिया ठरली. यात हाड कापून स्क्रूचे यंत्र बसवतात, पाच-सात दिवस थांबतात आणि मग रोज एक मिलिमीटर फट वाढवतात, म्हणजे त्या फटीत नवे हाड धरत जाते. हे ताणणे बारा दिवसांत संपणार होते. हाड पक्के होईपर्यंत यंत्र तोंडात ठेवायचे दोन-तीन महिने मात्र मला डोंगराएवढे वाटत होते.

म्हणूनच डॉक्टरांनी ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हणजे वाढीला चालना देणारे घटक, हा शब्द उच्चारताच मी त्यावर झडप घातली. बीएमपी-२ नावाच्या प्रथिनाने प्राण्यांवरील प्रयोगांत हाड लवकर भरल्याचे दिसले आहे, परंतु त्याने सूज बरीच येऊ शकते आणि ते महागही असते, म्हणून त्यांनी पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) सुचवले. यात रुग्णाचेच रक्त काढून लगेच सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवायचे आणि त्यातून मिळणारा, वाढीचे घटक हळूहळू सोडणारा जेलीसारखा थर कापलेल्या हाडाशी ठेवायचा. ‘याने मदत होईल, पण महिना वाचेल असे मी लिहून देणार नाही,’ हेही त्यांनी स्पष्ट केले.

विम्याच्या खिडकीवर घोडे अडले ते याच ‘ग्रोथ’ शब्दावर. तेथील मुलाने अर्जावर बोट ठेवून सांगितले, ‘काकू, उंची वाढवायची औषधे पॉलिसीत बसत नाहीत.’ हे औषध नसून मुलाचेच रक्त आहे, असे पत्र मी आणले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले की रक्तपेढीची पावती जोडावी. पावती कोठून आणणार? रक्त त्याच्याच दंडातून काढून त्याच्याच जबड्यात जायचे होते! त्यानंतर ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी आहे काय, अशी पृच्छा आली. मुंबई नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याला एव्हाना माझी फाइल पाठ झाली होती. अखेर डॉक्टरांनी घोरण्याच्या तपासणीचा अहवाल जोडून, ‘श्वसनमार्ग अरुंद असल्यामुळे शस्त्रक्रिया आवश्यक’ एवढे एकच वाक्य लिहिले आणि पीआरएफची ओळ अर्जातून काढून टाकली. मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली. पीआरएफचे पैसे आम्ही खिशातून भरले.

अकरा दिवस गेले. ज्या गोष्टीने दिवस वाचतील अशी माझी आशा होती, तिच्याच नावाने ते गेले, याचा राग अजून उतरलेला नाही.

शस्त्रक्रियेनंतर सकाळ-संध्याकाळ यंत्राचा स्क्रू अर्धा-अर्धा मिलिमीटर फिरवण्याचे काम माझ्याकडे होते. बाणाच्या दिशेने फिरवून कॅलेंडरवर खूण करावी; ‘सकाळचे झाले की राहिले’ हा वाद आमच्याकडे एकदा झाला. नाचणीची आंबील आणि गाळलेले वरण यांवर त्याने कुरकुर करत दिवस काढले.

एक सांगायचे राहिले. यंत्र काढण्यासाठी दुसरी छोटी शस्त्रक्रिया लागते, तिचा उल्लेख पहिल्याच अर्जात करून घ्यावा. आम्ही केला नव्हता. दहाव्या आठवड्याच्या एक्स-रेमध्ये फटीत पांढरे हाड दिसले आणि मी पुन्हा त्याच खिडकीपुढे उभी राहिले. तो मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘काकू, या वेळी रक्त नाही ना?’