आमची वाटचाल: जॉब ओके आला म्हणजे सेटिंग बरोबर होतं असं नाही

सुरुवात एका जुन्या सेंटर लेथवर झाली, मी आणि माझा पार्टनर, दोघंच. तो लेथ अजून आहे, बेड झिजलाय, फिनिशिंगला चालत नाही पण रफिंगला मी तोच लावतो. त्याच्यावरच एकदा २५ एच७ चा बोअर, म्हणजे २५ मिमीचं अचूक मापाचं भोक करत होतो, कमी-जास्त व्हायला सगळे मिळून २१ मायक्रॉन हातात. भोक तपासायच्या प्लग गेजची गो बाजू आत गेली, नो-गो अडली, म्हणजे माप बरोबर, मी खूश. पार्टनर म्हणाला, जॉब, म्हणजे हा पीस, ओके आहे रे, सेटिंग ओके नाही, टूल धरणाऱ्या त्या टूल पोस्टला हात लावून बघ. ढिलं होतं. नशिबाने आला होता तो बोअर, पुढचे दोन बाद गेले.

आपल्या धंद्यात हे हेल्परलासुद्धा कळतं. शंभर मिमीचा स्टीलचा जॉब २० डिग्रीऐवजी ३० डिग्रीला मोजला तर साधारण ११ मायक्रॉन मोठा दिसतो, गरम असताना ओके म्हणून पास केला तर थंड झाल्यावर कोण जबाबदार? म्हणून आपण सेटिंग तपासतो, नुसता जॉब नाही. मग धंद्याचे निर्णय तपासताना आपण नुसता जॉब का बघतो हे मला आजही कळलेलं नाही.

मधली वर्षं बरी गेली. मग सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन घेतली.

ती घेताना आम्ही काय काय केलं ते लिहितोच, कारण नंतर सगळे विसरले. कस्टमरकडून दोन वर्षांचं शेड्यूल लेखी घेतलं, त्यांचं मागचं पेमेंट रेकॉर्ड काढलं, निम्मंच काम आलं तरी हप्ता निघतो का याचं गणित केलं, निघत होता. दुसऱ्या कस्टमरशी पण बोलणी चालू ठेवली होती. आणि मशीन बसून पाच महिने होत नाहीत तोवर पहिल्या कस्टमरने ते अख्खं मॉडेलच बंद केलं, निम्मं नाही, शून्य. दुसऱ्याची ऑर्डर यायला वेळ लागला, त्या काळात मी पगार कसे केले ते माझं मला माहीत, स्पिंडल बंद आणि हप्ता चालू.

त्याच सुमारास आमच्या लाइनमधल्या एकाने तशीच मशीन घेतली, तोंडी शब्दावर, शेड्यूल नाही काही नाही, सगळं काम एकाच कस्टमरचं. त्याचा कस्टमर वाढला. मग काय, तो धाडसी, दूरदृष्टीचा, आणि मी घाईत बुडालेला. चार लोक जमले की हेच. मला त्याच्या यशाचं दुःख नाही, पण त्याने ढिल्या टूल पोस्टवर बोअर काढला होता आणि टाळ्या त्यालाच मिळाल्या, हे मनातून जात नाही. आणि सगळ्यात जास्त लागलं ते पार्टनरचं, तोही म्हणाला तू घाई केलीस, आणि वेगळा झाला.

वाचवलं एका माणसाने, आमच्या जुन्या पंपवाल्या कस्टमरच्या परचेसमधले काका. त्यांचे शाफ्ट हार्डनिंगला, म्हणजे तापवून कडक करायला गेले आणि निम्मा लॉट क्रॅक होऊन आला, तोही नेमका त्याच वाईट वर्षात. मला वाटलं संपलं. काका आले, क्रॅक झालेले पीस बाजूला ठेवले आणि फाइल मागितली. मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट, ट्रायलला पाठवलेल्या पाच पीसचा रिपोर्ट, सगळं बघितलं. म्हणाले, तुम्ही करायचं ते केलं होतं, आता पुढचा बार, म्हणजे कच्चा माल, कुठून घ्यायचा ते बोलू. ऑर्डर बंद केली नाही. असा कस्टमर मिळाला तर दोन पैसे कमी घ्या पण सोडू नका.

मुलगी मानसशास्त्र शिकते, तिने सांगितलं की याला आउटकम बायस म्हणतात, बॅरन आणि हर्शी या दोघांनी १९८८ साली प्रयोग मांडले होते, डॉक्टरचा निर्णय तोच, माहिती तीच, फक्त पेशंटचं बरं झालं की वाईट झालं एवढं बदललं, तर जिथे बरं झालं तिथे लोकांनी निर्णय चांगला म्हणून जास्त मार्क दिले. मी म्हटलं हे तर माझ्यावर झालंय.

तेव्हापासून वही ठेवतो. मोठा निर्णय घ्यायच्या आधी लिहायचं, काय माहीत आहे, काय माहीत नाही, कशामुळे फसू शकतं, नंतर लिहिलेलं चालत नाही कारण निकाल कळल्यावर माणसाला वाटतं मला आधीच माहीत होतं. नव्या पोरांनी तरी ही सवय लावा. आणि नशीब खराब होतं म्हणून सुटू पण नका, एका पीसवरून सेटिंग कळत नाही पण दहापैकी सात बाद जात असतील तर सेटिंगच बघावं लागतं. माझ्याच वहीत एक लाल पान आहे, बोअर गेजचं कॅलिब्रेशन संपलेलं असताना घाईत लॉट पाठवला, एकही पीस परत आला नाही, तरी ते पान लालच आहे.

सीएनसीचं गणित मात्र वहीच्या आधीचं, सुट्या कागदावरचं. तो कागद मी पहिल्या पानावर चिकटवलाय. निम्मं काम आलं तर, शेड्यूल महिनाभर पुढे गेलं तर, सगळं आहे त्यात. वरचा अर्धा हिशोब माझा आहे, खालचा पार्टनरच्या अक्षरात.