चुनखडी किती तापवावी? मुक्त ऊर्जेच्या गणिताचा माझा अनुभव

चुनखडी भाजली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो, हे शाळेपासून ठाऊक होते. पण ती किती तापवावी लागते हे केवळ तक्त्यातील आकड्यांवरून सांगता येते का, हे मी पदवीच्या वर्षात स्वतः गणित मांडून पाहिले.

निर्मितीच्या प्रमाण एन्थॅल्पी (मूलद्रव्यांपासून पदार्थ बनताना होणारा उष्णतेचा बदल) अशा आहेत: कॅल्शियम कार्बोनेट −१२०६.९, कॅल्शियम ऑक्साइड −६३५.१ आणि कार्बन डायऑक्साइड −३९३.५ किलोज्यूल प्रति मोल. उत्पादितांच्या बेरजेतून अभिक्रियाकारकाचा आकडा वजा केला की +१७८.३ उरतात, म्हणजे अभिक्रिया उष्णता शोषणारी आहे. एन्ट्रॉपीच्या, म्हणजे ढोबळमानाने विस्कळीतपणाच्या मापाच्या, रकान्यात मूलद्रव्यांनाही शून्य दिलेले नसते, कारण तिथे निरपेक्ष मूल्ये असतात; वरच्या तीन पदार्थांसाठी ती अनुक्रमे ९२.९, ३९.८ आणि २१३.७ ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल आहेत. फरक +१६०.६ येतो आणि तो जवळजवळ सगळा सुटणाऱ्या वायूमुळे आहे. एक रकाना किलोज्यूलमध्ये आणि दुसरा ज्यूलमध्ये असल्याने मी आधी एकके सारखी करून घेतली. मुक्त ऊर्जेतील बदल म्हणजे एन्थॅल्पीतील बदलातून तापमान आणि एन्ट्रॉपीतील बदल यांचा गुणाकार वजा करून येणारा आकडा; तो ऋण असेल तरच अभिक्रिया आपोआप पुढे जाऊ शकते. २९८ केल्विनला तो +१३०.४ किलोज्यूल आला, म्हणजे खोलीच्या तापमानाला चुनखडी निर्धास्त आहे.

हा आकडा शून्य होतो ते तापमान काढण्यासाठी एन्थॅल्पीतील बदलाला एन्ट्रॉपीतील बदलाने भागल्यावर १११० केल्विन, म्हणजे सुमारे ८३७ अंश सेल्सिअस मिळाले. तक्त्यातील आकडे १ बार दाबासाठीचे असतात; प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडचा दाब १ बार होतो तो सुमारे ९०० अंशांना. हा फरक मला उत्तरापेक्षा अधिक मोलाचा वाटला. दोन्ही बदल तापमानानुसार स्थिर राहतात असे आपण सोयीसाठी धरलेले असते. उष्माधारकतेची (पदार्थाचे तापमान एक अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेची) समीकरणे घेऊन समाकलन केले तेव्हा दोन्ही आकडे घटले, आणि एन्ट्रॉपीची घट प्रमाणाने जास्त असल्यामुळे तापमान वर सरकून ९०० च्या आसपास पोहोचले. काम कंटाळवाणे होते, पण टाळण्यासारखे नव्हते.

यानंतर दाबाचा प्रश्न आला. हवेतील कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब (एकट्या त्या वायूचा दाब) सुमारे ०.०००४ बार असतो. तो मुक्त ऊर्जेच्या सूत्रातील दाबाच्या लॉगॅरिदमच्या पदात घातला, तर त्याच साध्या गणिताने समतोलाचे तापमान ७९० केल्विनपर्यंत, म्हणजे सुमारे ५१७ अंशांपर्यंत खाली येते. मग चुनाभट्टी ९०० अंशांच्या वर का ठेवतात? एक तर मुक्त ऊर्जा वेगाबद्दल काहीच सांगत नाही आणि कमी तापमानाला हे विघटन फार मंद चालते. दुसरे असे, की मोठ्या खड्याच्या आत सुटलेला वायू सहज बाहेर पडत नाही, त्यामुळे गाभ्याजवळ त्याचा दाब १ बारच्या आसपास जातो आणि तिथे बाहेरच्या हवेचा ०.०००४ हा आकडा लागूच पडत नाही.